बेहेरेसाहेब कुणाकुणाला ओळखायचे

त्या शनिवारी दुपारी चार वाजता मुंबईहून एक फोन येणार होता आणि आमदार शरच्चंद्र बेहेरे यांना त्यात एकच प्रश्न विचारला जाणार होता: आम्रपाली ओव्हाळ या मुलीला तुम्ही किमान पाच वर्षं व्यक्तिशः ओळखता का? साहेब ‘हो’ म्हणाले की माझी मुलगी मंगळवारी लंडनच्या विमानात बसणार. ‘नाही’ म्हणाले की तिच्या जागी दुसरं कुणीतरी. मार्च दोन हजार सालची ही गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षं साहेबांची स्वीय सहायक होते आणि ते काय उत्तर देतील हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या हिशेबानं ते ‘नाही’च होतं.

साहेब कसे होते ते कळल्याशिवाय ती दुपार कळायची नाही. तेव्हा आधी साहेब.

आमदार होण्यापूर्वी बेहेरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराची वजनं तपासायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, हलकी असली तर खटला भरायचा. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या सख्ख्या मामांचं नारायण पेठेत किराणा दुकान होतं. तिथल्या तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला, तेव्हा भाच्यानं मामांवर रीतसर खटला भरला आणि संध्याकाळी नेहमीसारखा त्यांच्याकडेच जेवायला गेला. मामींनी ताट वाढलं नाही, तर भाच्याला त्याचं आश्चर्य वाटलं. खटला दुकानावर होता, जेवण घरात होतं, असं त्यांचं म्हणणं.

नव्वद साली पक्षातले दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यामुळे कुणालाच नको असलेला माणूस म्हणून बेहेऱ्यांना उमेदवारी मिळाली. मतदारांना मात्र हा माणूस हवा निघाला. पक्षाला पुढची चौदा वर्षं ते निस्तरावं लागलं.

‘मी जुन्या मताचा माणूस आहे’ हे ते अभिमानानं सांगायचे. सरकारनं तीनच कामं करावीत: माप तपासावं, चोर धरावा आणि नळाला पाणी आणावं. बाकी लोकांचं लोक बघून घेतील. एक्क्याण्णव साली परवान्यांचं राज्य संपायला लागलं तेव्हा त्यांनी घरी श्रीखंड केलं होतं म्हणे. पण वर्षा-दोन वर्षांत वाघोलीच्या बाजूला एका कंपनीला कवडीमोलानं जमीन द्यायचं घाटत होतं, तेव्हा हेच बेहेरे पक्षाच्या बैठकीत उभे राहिले. "धंदा करा, जोरात करा. पण जेवायला सरकारी ताट कशाला?" बायकांच्या रात्रपाळीला त्यांचा विरोध, दारूच्या दुकानांना विरोध, मंत्र्यांनी मर्जीतल्या लोकांना वाटलेल्या सदनिकांना विरोध. भाच्यासाठी, शुभंकरसाठी, कॉलेजच्या प्रवेशाचं पत्र मागायला बहीण आली, तर म्हणाले, "नियमात बसत असेल तर पत्र कशाला? आणि बसत नसेल तर पत्र का?" बहीण वर्षभर बोलली नाही. त्यांच्या निम्म्या मतांवर मी मनातल्या मनात दात-ओठ खात असे, पण हा माणूस घरच्याला एक माप आणि दारच्याला एक माप लावत नाही, एवढं मी मानलं होतं.

माझी नेमणूकही तशीच झाली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, टंकलेखनाच्या दोन परीक्षा झालेल्या होत्या आणि घरात आई आणि शाळकरी मुलगी. साहेबांकडे सहाजण आले होते. त्यातल्या एकासाठी पक्षाच्या शहराध्यक्षांची चिठ्ठी होती. साहेबांनी सगळ्यांना एकच मजकूर दिला, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटांनी कागद काढून घेतले. माझ्या कागदात चूक नव्हती. "सोमवारपासून या," ते म्हणाले. चिठ्ठीवाल्याच्या कागदात त्यांनी सतरा चुकांना लाल गोल केले आणि तो कागद शहराध्यक्षांना पाठवून दिला. माझं आडनाव वाचून काय समजायचं ते समजलेच असतील, पण चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. आम्ही बौद्ध. आईनं छप्पन साली दीक्षा घेतली आणि दोन वर्षांनी मी झाले, म्हणून माझं नाव विशाखा. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हणाले, "माणूस सरळ आहे."

सोमवारी साडेदहाला चहा आला.

साहेबांचं कार्यालय म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. आतून विमलाबाई, साहेबांच्या पत्नी, ट्रे घेऊन आल्या. भेटायला आलेल्या चौघांना निळ्या काठाचे कप, साहेबांना तसाच कप, आणि मला काचेचा पेला. मी पेला घेतला, चहा प्यायले. नंतर हात धुवायला आत गेले तर सगळे कप ओट्यावर पालथे घातलेले होते आणि पेला एकटा बाहेर, न्हाणीघराच्या खिडकीत. विमलाबाई मला काही वाईट बोलल्या नाहीत. उलट हसून म्हणाल्या, "साखर बरोबर झाली होती ना?"

दुसऱ्या दिवशी ट्रे आला तेव्हा मी सांगितलं, "मला चहा चालत नाही." त्या दिवसापासून रोज विमलाबाई विचारायच्या, "ओव्हाळबाईंना चालत नाही ना?" आणि मी म्हणायचे, "नाही." खरं म्हणजे चहावाचून माझं डोकं दुखतं. मी अकरा वाजता पोस्टात जाण्याच्या निमित्तानं कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये जायचे आणि उभ्याउभ्या दोन कप रिचवायचे. पाणीही घरून बाटलीत आणायचे. खोट्याचा तिटकारा असलेल्या घरात मी नऊ वर्षं रोज एक खोटं बोलत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

आता त्या फोनमधल्या ‘ओळखता का’ या शब्दाचं सांगते, कारण सगळं अडलं ते तिथेच.

आमदाराकडे लोक सगळ्यात जास्त येतात ते दाखल्यासाठी. ‘सदर व्यक्तीस मी गेली अमुक वर्षे व्यक्तिशः ओळखतो, वर्तणूक चांगली आहे.’ हा दाखला नोकरीला लागतो, रेशनकार्डाला लागतो, भाड्याच्या खोलीलाही लागतो. शेजारच्या मतदारसंघातले आमदार कोऱ्या दाखल्यांच्या गठ्ठ्यावर एकदाच सह्या करून ठेवायचे, नावं कार्यकर्ते भरायचे. ते ऐकून साहेब म्हणाले होते, "छान. म्हणजे तिकडे आमदारांना सगळे माहीत आहेत, फक्त आमदारांना ते माहीत नाही."

साहेबांचा नियम वेगळा होता. ज्याच्या घरी बसून पाणी प्यायलो नाही, त्याला ‘ओळखतो’ असं लिहायचं नाही. दाखला मागायला कुणी आला की पत्ता घ्यायचे आणि संध्याकाळी स्कूटरवर त्याच्या घरी जायचे. बसायचे, घरात कोण काय करतं ते विचारायचे, पेलाभर पाणी प्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाखला. आमच्या भागात त्याचा रिवाजच पडला. ‘साहेबांना पाणी द्यायचंय’ म्हणजे दाखला हवाय, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. बायका त्या दिवशी फुलपात्र घासून ठेवायच्या. अनोळखी घरी मात्र ते बोलावल्याशिवाय कधी गेले नाहीत. न बोलावता जातो तो तपासनीस, असं म्हणायचे, आणि ते काम आपण सोडलं.

नदीकाठच्या वस्तीत एकदा मी नावं लिहून घ्यायला त्यांच्याबरोबर गेले होते. सात घरं होती, त्यातली चार आमची, बौद्धांची. साहेब सातही घरी पाणी प्यायले. शेवटच्या घरातला पेला पोचे आलेला होता आणि पाणी प्लॅस्टिकच्या पिंपातलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, घोट घेताना काही बदलतं का म्हणून. काही बदललं नाही, पेला रिकामा करून त्यांनी खाली ठेवला.

मग माझ्या घरी हा माणूस का येत नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळू लागला. त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं शोधून ठेवलं होतं. वस्तीत ते आमदार म्हणून पाणी प्यायचे. माझ्याकडे आले तर पाहुणे म्हणून येणार. आणि पाहुणचार घेतला की परत बोलवावं लागतं, निळ्या काठाच्या कपात चहा द्यावा लागतो. मी बोलावलं तर ते काहीतरी सबब सांगतील आणि माझा अपमान होईल, या भीतीनं मी कधी बोलावलंच नाही. न झालेला अपमान मी नऊ वर्षं उराशी धरून बसले होते.

आम्रपालीला यातलं काही माहीत नव्हतं. मी घरी असल्या गोष्टी बोलत नसे. ती संगणकशास्त्र शिकली, शहाण्णव साली आम्ही वारज्याला दोन खोल्यांची जागा घेतली, आणि नव्व्याण्णवमध्ये ती एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. एका परदेशी बँकेच्या कामासाठी तिची लंडनला निवड झाली तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. बँकेचं काम म्हणून कंपनीनं प्रत्येकाची चौकशी एका मुंबईच्या संस्थेकडे दिली होती. आम्रपालीनं आधी एका राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला जोडला होता. संस्थेनं त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "कोण आम्रपाली? रोज पन्नास सह्या करतो मी." दाखला बाद झाला. कंपनीनं शेवटची संधी दिली आणि पोरीनं मला न विचारता, अगदी निर्धास्तपणे, अर्जात आमदार शरच्चंद्र बेहेरे यांचं नाव आणि कार्यालयाचा फोन लिहून टाकला. शुक्रवारी संध्याकाळी मला सांगितलं.

"आई, तू तिथेच तर असतेस. नऊ वर्षं. दे आर लाइक फॅमिली ना?"

मी तिला रात्रीची भाजी विचारली आणि विषय बदलला.

शनिवारी अधिवेशनाला सुट्टी, म्हणून साहेब पुण्यात होते. अकरापर्यंत लोक होते. शेवटचा माणूस जिना उतरला तशी मी अर्जाची प्रत त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"साहेब, चार वाजता एक फोन येईल. आम्रपालीसाठी."

"कोण आम्रपाली?"

नऊ वर्षं. मी डोळे मिटले आणि उघडले. "माझी मुलगी."

"हां, हां. आम्रपाली का नाव? छान आहे." त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. असा वाचताना त्यांना बघणं म्हणजे शिक्षा असायची. शेवटी बोट एका ठिकाणी ठेवलं. "यात ‘व्यक्तिशः’ म्हटलंय."

"हो."

"मी मुलीला पाहिलेलंही नाही, ओव्हाळबाई."

"मला तर पाहिलंय ना?"

"तुमच्याबद्दल विचारलं तर सांगेन. नऊ वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही, हे शपथेवर सांगेन. पण प्रश्न तुमचा नाही." आवाजात राग नव्हता. मामांवर खटला भरतानाही बहुधा नसेल. "ज्याच्या घरचं..."

"माझ्या घरचं पाणी तुम्ही कधी प्यायलात, साहेब?"

हे मी बोलणार नव्हते. पण तोंडातून निघून गेलं. साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले. "तुमचं घर वारज्याला. ते मतदारसंघात येत नाही."

"नाही येत."

त्यांनी चष्मा परत लावला. मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि तुम्ही माझ्या घरचा चहा घेत नाही."

"मला चालत नाही."

"अमृततुल्यचा चालतो."

 या माणसाला माहीत होतं. मी कोपऱ्यावर का जाते, पाणी घरून का आणते, पेला न्हाणीघराच्या खिडकीत का असतो, सगळं माहीत होतं. नऊ वर्षं रोज साडेदहाला ‘चालत नाही’ ऐकताना ते मान खाली घालून वर्तमानपत्र वाचत होते, आणि मी समजत होते की त्यांचं लक्ष नाही.

"मग कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"खात्यानं मला दुकानं तपासायला नेमलं होतं," साहेब म्हणाले. "स्वयंपाकघर तपासायला कुणी नेमलं नाही."

ते ओरडले असते तर मी सहन केलं असतं. हे ऐकून मात्र मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्यावर आणखीच राग आला. मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले आणि काहीही गरज नसताना यंत्रात कागद घातला.

एक वाजता आम्रपालीचा फोन.

"बोललीस का? काय म्हणाले?"

"ते म्हणतात ते तुला ओळखत नाहीत." मी हळू आवाजात त्यांचा पाण्याचा नियम सांगितला. ती हसली.

"एवढंच? मग घरी आण ना त्यांना! सिंपल आहे. पंचवीस मिनिटं लागतात स्कूटरनं. मी आणि आजी आहोत घरी. पाणी काय, पोहे पण देऊ."

"बघते."

"बघते काय, आई? चार वाजता कॉल आहे. तू फक्त ‘घरी चला’ म्हण. मी आजीला सांगते." तिनं फोन ठेवला.

दोन टेबलांमध्ये आठ-दहा फुटांचं अंतर. साहेबांनी बोलणं ऐकलं असणार, कारण त्यांच्या हातातलं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. खाली स्कूटर उभी होती. साहेब घरी चला. तीनच शब्द. मी ते जिभेवर आणले, पुन्हा गिळले. मी का म्हणायचं? पेला मी ठेवला होता का खिडकीत? नऊ वर्षांत निदान एकदा त्यांनी म्हणावं, "ओव्हाळबाई, तुमच्याकडे येऊ का?" आज म्हणावं. आता म्हणावं. मी नाही म्हणणार नाही.

दोन वाजले. सव्वादोनला साहेब उठले, भिंतीवरच्या खुंटीवरून स्कूटरची किल्ली काढली.  मी पर्ससुद्धा हातात घेतली. ते खिडकीशी गेले, रस्त्याकडे बघत उभे राहिले. किल्लीचा आवाज येत होता, मुठीत फिरवत होते. मग त्यांनी ती आणून टेबलावरच्या कागदांवर ठेवली आणि खाली बसले. ते न बोलावता कुणाकडे जात नसत. आणि मला माझा हट्ट माझ्या पोरीपेक्षा मोठा झाला होता. खरं तेच आहे.

तीन वाजता विमलाबाई साहेबांचा चहा घेऊन आल्या. खोलीत काहीतरी घडतंय हे त्यांना जाणवलं असावं, कारण दारातच थांबल्या. मग सवयीनं विचारलं, "ओव्हाळबाईंना चालत नाही ना?"

साहेबांनी मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या प्रश्नाच्या वेळी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, हे मी आज सांगू शकते. मी ‘द्या’ म्हणाले असते तर विमलाबाई काय करणार होत्या, कोणत्या भांड्यात देणार होत्या, साहेब काय बोलणार होते, कुणास ठाऊक. पण काहीतरी झालं असतं. अजूनही वेळ होता.

"नाही चालत," मी म्हणाले.

विमलाबाई आत गेल्या. साहेबांनी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. सव्वातीन वाजले आणि वारज्याला जाऊन चारच्या आत परत येणं अशक्य झालं. आम्ही दोघांनीही एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एकदमच नजर काढून घेतली.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. कार्यालयाचे फोन मीच घेत असे. पलीकडे एक मुलगी होती, हिंदी-मराठी-इंग्रजी एकत्र बोलणारी. "आमदार बेहेरेजी हैं? व्हेरिफिकेशनसाठी बोलायचं होतं." मी तिला सांगू शकले असते की साहेब बैठकीत आहेत, मी त्यांची सहायक, हो ते मुलीला चांगलं ओळखतात. ती कदाचित टिक करून मोकळीही झाली असती. सकाळी मी तोच बेत करून निघाले होते. पण साहेब समोर बसले होते आणि माझ्याकडेच बघत होते. मी म्हणाले, "एक मिनिट," आणि फोन त्यांच्या टेबलाकडे जोडून दिला. माझ्या कानाचा रिसीव्हर मात्र मी खाली ठेवला नाही.

"हो, मीच बेहेरे."

तिनं विचारलं, आम्रपाली ओव्हाळ यांना ओळखता का.

साहेब थांबले. इतके थांबले की ती मुलगी दोनदा ‘हॅलो’ म्हणाली. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. आता ‘नाही’ येणार, आणि मी उठून पर्स घेणार, आणि पुन्हा या जिन्यावर पाय ठेवणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं.

"ओळखतो," साहेब म्हणाले.

"किती वर्षं, सर?"

"नऊ."

"पर्सनली? म्हणजे फॅमिलीशी येणं-जाणं आहे?"

"आहे," साहेब म्हणाले. "त्यांच्या घरी येणं-जाणं आहे."

त्यांनी फोन ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. "झालं तुमचं काम," एवढंच बोलले आणि आत निघून गेले. मी आभार मानले की नाही, मला आठवत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आनंदाचंच आहे असं मला वाटत होतं.

त्यानंतर साहेबांनी कुणालाही दाखला दिला नाही. लोक ‘पाणी द्यायला’ यायचे, ते हात जोडून म्हणायचे, "आता मी ओळख देत नाही." लोकांना वाटलं, आमदार शेफारला. दोन हजार चारला त्यांनी उमेदवारी नाकारली. कारण गुडघ्याचं सांगितलं, पक्षानं आनंदानं मान्य केलं. शेवटच्या दिवशी मी कपाटाच्या किल्ल्या परत केल्या तेव्हा ते म्हणाले, "मी एकदा खोटं माप दिलंय, बाई. निरीक्षकानं तसं केलं की शिक्का जमा करायचा असतो." चहा मी त्या दिवशीही घेतला नाही आणि वारज्याला ते कधीच आले नाहीत.

मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. चाळीस वर्षं खोटं न बोललेला माणूस माझ्या मुलीसाठी खोटं बोलला, असं सांगायचे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. साहेब गेले तेव्हा शोकसभेत एकामागून एक वक्ते उठून म्हणाले, ते कधी खोटं बोलले नाहीत. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि तिथे पहिल्यांदा मला ते स्वच्छ दिसलं. वारजे पंचवीस मिनिटांवर होतं. एकपासून तीनपर्यंत आम्हाला वेळ होता. आयुष्यभराचं तत्त्व मोडणं त्या माणसाला सोपं गेलं, माझ्या घरचं पाणी पिणं नाही. आणि ते खोटं कानावर पडताच मला जे हायसं वाटलं, त्यात माझीही सुटका होती. बोलवायचं टळलं होतं.

त्या संध्याकाळचं एक मी कुणाला सांगत नाही.

मी सहाच्या सुमाराला वारज्याला पोचले. आम्रपाली बॅग घ्यायला बाजारात गेली होती, तिला कंपनीतून कळलं होतं. दार सताड उघडं होतं. फरशी पुसलेली होती, पलंगावर नवी चादर होती आणि मधोमध शेजाऱ्यांकडची हातांची खुर्ची मांडली होती. दाराशी आई, तुळजाबाई, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून बसली होती. आई मूळची वाघोलीकडची, बोलणं अजून तिकडचंच.

"आलं न्हाईत का सायब?" तिनं माझ्या मागे बघत विचारलं.

"काम झालं, आई. आम्रपाली जातेय."

"त्ये झ्याक झालं. पर सायब?"

"फोनवरच झालं. त्यांनी सांगितलं, ओळखतो म्हणून."

आईनं खुर्चीकडे पाहिलं. "आपल्या घरी न येताच सांगितलं?"

"हो."

"आन तू बोलावलं व्हतंस न्हवं?"

मी चपला काढायला खाली वाकले ते वाकलेलीच राहिले. आईनं पुन्हा विचारलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुर्ची उचलायला लागली. एकटीला उचलेना, म्हणून दुसऱ्या बाजूनं मी धरली, आणि आम्ही दोघी ती शेजारी परत देऊन आलो.